समोरच्याने रणगाड्यांसाठी काय मांडून ठेवलंय, हे फौज कसं वाचते?

आमच्या गावातला एक पोरगा सीडीएसच्या, म्हणजे फौजेत अधिकारी व्हायच्या परीक्षेची तयारी करतोय. युक्रेनचे व्हिडिओ बघून बघून त्याने मला परवा विचारलं, "काकाजी, एवढे ड्रोन अन् मिसाईल असल्यावर टँक घेऊन पुढं जाते तरी कोन? अन् समोरच्यानं काय लावून ठेवलं, हे आपल्याले आधी समजते कसं?" प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. वर्धा-यवतमाळकडे भरतीसाठी पहाटे पळणारी बरीच पोरं हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो. मी आर्मर्ड कोरमधून रिसालदार म्हणून निवृत्त झालो, नोकरीचा बराच काळ टी-७२ रणगाड्यावर गेला. खालचं सगळं जुन्या, जगजाहीर लढायांवरून आणि कुठल्याही फौजेत शिकवतात त्या गोष्टींवरून आहे. आज सीमेवर कुठे काय आहे ते मला विचारू नका.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

लोकांना आधी रणगाडाविरोधी शस्त्रांची यादी हवी असते. पाकिस्तानकडे अमेरिकन टो मिसाईल आहे, मारा पावणेचार किलोमीटर. बक्तर-शिकन आहे, ती चिनी एचजे-८ ची आवृत्ती, मारा तीन किलोमीटर. आपल्याकडे मिलान आहे, कोंकुर्स आहे, नाग आहे. टीव्हीवर अशा याद्या समोरासमोर लावून चर्चा रंगते. याद्या मुख्यालयातल्या स्टाफकडेही असतात आणि त्या लागतातच, पण यादीने रणगाडा थांबत नाही. रणगाडा थांबतो तो चार गोष्टी एका जागी आल्यावर. पुढे अडथळा हवा. त्या अडथळ्यावर चोवीस तास कोणाची तरी नजर हवी. ज्याची नजर आहे त्याच्या हाताशी मारा हवा. आणि मागे राखीव दल हवं, जे अडकलेल्यावर येऊन तुटून पडेल. यातली एखादी गोष्ट नसेल तर उरलेल्या तिन्हींची किंमत निम्म्यावर येते. म्हणून शत्रूकडे मिसाईल किती, याच्या आधीचा प्रश्न असतो: या चारांपैकी त्याच्याकडे कुठे काय कमी आहे?

हे कागदावर समजत नाही, जमिनीवर समजतं. आपल्या भागातला कुठलाही नाला घ्या. पावसाळ्यात भरून वाहणारा, उन्हाळ्यात कोरडा, दोन्ही काठ पुरुषभर उंच आणि उभे. टी-७२ पाऊण मीटरच्या थोडी वर उभी पायरी चढतो आणि साधारण अडीच-पावणेतीन मीटरचा चर ओलांडतो. म्हणजे अशा नाल्याचा काठ त्याला तसाच चढता येत नाही. मग तो कुठून जाणार? जिथून बैलगाडी जाते तिथून, रपट्यावरून. पाच-सहा किलोमीटरच्या नाल्यावर असे दोन-तीनच रपटे असतात. आता तू बचाव करणारा आहेस असं समज. मिसाईल कुठे ठेवशील?

शंभरातली नव्वद पोरं म्हणतात, रपट्याच्या समोर, पलीकडच्या काठावर. तिथेच चुकतं. समोर ठेवलं तर रणगाड्याचं सगळ्यात जाड चिलखत तुझ्याकडे, आणि त्याची तोफही तुझ्याकडे. जाणता माणूस मिसाईल ठेवतो बाजूला, हजार-दीड हजार मीटरवर, एखाद्या टेकाडाच्या आडोशाला. टेकाड असं निवडायचं की येणाऱ्याच्या बाजूने मिसाईलवाला दिसूच नये. रणगाडा रपट्यावर उतरताना वेग कमी करतो, वळतो, आणि त्याची बाजू मोकळी पडते. बाजूचं चिलखत पुढच्याच्या मानाने फार पातळ असतं. मारा तिथे होतो.

याच्या उलट वाचलं की हल्ला करणाऱ्याची नजर तयार होते. मला नाला दिसला तर मी नाल्याकडे कमी बघतो आणि आजूबाजूच्या टेकाडांच्या पाठीकडे जास्त. कुठल्या टेकाडामागे चाकांच्या खुणा जातात आणि परत येत नाहीत? कुठली बाभूळ विनाकारण छाटली आहे? तारेवर चालणाऱ्या मिसाईलला उडल्यापासून लागेपर्यंत मधे झाड नको, विजेची तार नको. म्हणून मिसाईलवाला आपल्या समोरचा पट्टा साफ करतो, आणि ती साफसफाईच त्याचा पत्ता सांगते. पिकाचंही तसंच आहे. डिसेंबरात तूर डोक्याएवढी झाली की जमिनीलगत बसलेल्या माणसाला दोनशे मीटरपलीकडचं दिसत नाही. मे महिन्यात त्याच वावरात तीन किलोमीटर आरपार दिसतं. त्याच बंदोबस्ताची किंमत दर महिन्याला बदलते. आणि आपली काळी माती तर ऑगस्टमध्ये स्वतःच रणगाडाविरोधी शस्त्र आहे. टी-७२ चं वजन पट्ट्यांवर पसरतं, जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आतच असतो, तरी एक्केचाळीस टनांचं धूड ओल्या रेगूरमध्ये दोनदा वळलं की पट्ट्यात चिखल भरून बसतं. फौजेत यासाठी जमिनीचा वेगळा नकाशा करतात: कुठे कुठल्या महिन्यात काय चालेल.

जमीन न वाचता यादीवर विसंबलं की काय होतं, याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे सप्टेंबर १९६५ चं असल उत्तर. पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन अमेरिकन पॅटन घेऊन खेमकरणमध्ये घुसली. पॅटन त्या वेळचा नावाजलेला रणगाडा. आपल्या बाजूला चौथी माउंटन डिव्हिजन, जी नुकतीच मागे सरलेली, आणि दुसरी स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड. यादीप्रमाणे पाकिस्तानचं पारडं जड. पण आपल्या लोकांनी घोड्याच्या नालेसारखी मांडणी केली, तोंड उघडं ठेवलं आणि कालव्याचं पाणी शेतांत सोडलं. ऊस उभा होता. पॅटन येत गेले, ओल्या शेतांत त्यांचा वेग मेला, काही रुतले, आणि उसाच्या आडून तिन्ही बाजूंनी मारा सुरू झाला. पाकिस्तानचे सत्त्याण्णव रणगाडे तिथे नष्ट झाले किंवा हाती लागले असं आपल्याकडे मानतात. भिखीविंडला ते रांगेत उभे केले तेव्हा लोक त्या जागेला पॅटन नगर म्हणायचे.

त्यातली अब्दुल हमीदांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण ती नीट बघावी लागते. ४ ग्रेनेडियर्स या पलटणीचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, हाताशी जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस गन, म्हणजे आमच्या भाषेत आरसीएल. ही तोफ चालते कशी ते बघ. वरती एक छोटी मशीनगनच्या जातीची नळी असते. नेमबाज आधी तिच्यातून चमकणारी गोळी सोडतो. ती रणगाड्यावर लागून चमकली की त्याच क्षणी मोठी तोफ. म्हणजे एक गोळा मारण्याआधी तू शत्रूला आपली जागा जवळजवळ सांगून टाकलीस. आणि मोठी तोफ उडाली की मागून एवढा धूर आणि धूळ उठते की चार किलोमीटरवरून दिसावी. म्हणून आरसीएलवाल्याला मारा करून लगेच जीप हलवावी लागते. अब्दुल हमीदांनी पॅटन जवळ येऊ दिले, एक मारला, जागा बदलली, पुन्हा मारला. १० सप्टेंबरला एका रणगाड्यासमोर दोघांचा नेम एकाच वेळी लागला आणि ते गेले. परमवीर चक्र मिळालं.

पाकिस्तानच्या स्टाफच्या कागदावर ती जीप कशी दिसली असेल? "आरसीएल, संख्या इतकी." ऊस किती उंच आहे, पाणी कुठे सोडता येतं, ही माणसं किती जवळ येऊ देतील, यातलं काहीच त्या संख्येत नव्हतं. पॅटनचं चिलखत तितकं कमी पडलं नाही, जितका अंदाज कमी पडला.

आता सुरुंग. आपल्या वर्धा जिल्ह्याला रणगाडाविरोधी सुरुंगाची ओळख वाईट प्रकारे झालेली आहे. ३०-३१ मे २०१६ च्या मध्यरात्री पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, अधिकारी, जवान आणि अग्निशमनचे लोक गेले, आजूबाजूच्या गावांनी अंधारात घरं सोडली. त्या शेडमध्ये रणगाडाविरोधी सुरुंगच होते. एका सुरुंगात काही किलो स्फोटक असतं. माणूस वरून चालला तर सहसा उडत नाही, त्याला शेकडो किलोंचा दाब लागतो. रणगाड्याचा पट्टा चढला की उडतो, आणि बहुतेक वेळा आतली माणसं मरत नाहीत. पट्टा तुटतो, एखादं चाक जातं. एवढंच. पण थांबलेला रणगाडा म्हणजे बाजूच्या टेकाडामागच्या माणसाला निवांत नेम. सुरुंगाचं काम मारणं नसून थांबवणं आहे. मारतो दुसरा.

म्हणूनच सुरुंगक्षेत्र दिसलं की जाणकार अधिकारी आधी विचारतो, हे पाहतंय कोण? कोणी पाहत नसेल तर सॅपर, म्हणजे फौजेचे इंजिनियर जवान, रात्री येऊन वाट काढतील. सकाळपर्यंत रणगाडे पलीकडे.

सुरुंगांवरून शत्रूचं मनही कळतं, आणि माझ्या मते हा वाचनाचा सगळ्यात रसाळ भाग आहे. जिथे त्याने दाट सुरुंग पेरलेत तिथे त्याच्याकडे माणसं कमी आहेत. माणसं असती तर एवढी पेरणी लागली नसती. शिवाय जिथे सलग पेरलेत तिथून तो स्वतः हल्ला करणार नाही, कारण त्याचेही रणगाडे त्यातून जाणार नाहीत. आणि सलग पट्ट्यात कुठे अरुंद मोकळी जागा सोडली असेल तर दोनच शक्यता: एक तर त्याला तिथून प्रतिहल्ला काढायचा आहे, नाही तर तुला तिथे बोलवायचं आहे. दोन्हीत त्या फटीवर त्याचा मारा नेमलेला असणार. म्हणजे समोरच्याचा बचाव बघून त्याच्या चढाईचाही अंदाज लागतो. शिकाऊ अधिकारी नकाशावर फट बघून खूश होतो तेव्हा जुना रिसालदार गप्प बसून त्याच्याकडे बघत असतो.

हे सगळं दिसतं कसं? उपग्रह आणि ड्रोन आता आहेतच. पण शेतकऱ्याच्या पोराला मी दुसरी खूण सांगतो. पेरणीच्या दिवसांत चांगली ओलीताची जमीन पडीक दिसली, गुरं एका रेषेच्या पलीकडे जात नाहीत असं दिसलं, तर काहीतरी आहे. २००१-०२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी आपण सीमेवरच्या पंजाब-राजस्थानच्या शेतांत सुरुंग पेरले होते. कित्येक शेतकऱ्यांची वावरं त्या काळात पडीक राहिली. वरून बघणाऱ्याला तेवढं पुरतं. त्यापुढचं मात्र अजून माणसाला रांगत जाऊनच आणावं लागतं. सॅपरची गस्त रात्री जाऊन खंदकाची रुंदी मोजते, काठाची माती मुरमाड आहे की भुसभुशीत ते हाताने बघते, पाणी असेल तर तळ दलदलीचा आहे का ते चाचपते. पंजाबात दोन्ही बाजूंनी सीमेला समांतर खंदक आणि बांध घातलेत, फौजेत त्यांना डीसीबी म्हणतात. रणगाड्यावरून टाकायचा पूल २० मीटरच्या आसपासचा असतो. खंदक त्याहून रुंद निघाला, किंवा काठ पुलाचं वजन धरणारा नसला, तर अख्ख्या ब्रिगेडचं वेळापत्रक त्या एका मोजणीवर कोसळतं. लाहोरसमोरचा इच्छोगिल कालवा याच विचाराने बांधलेला, पाणी शेतीला आणि अडथळा फौजेला. ६ सप्टेंबर १९६५ ला ३ जाट पलटणीचे जवान डोगराईजवळ तो ओलांडून गेलेच, पण मागून मदत पोचली नाही आणि माघारी यावं लागलं. अडथळा पार करणं आणि पलीकडे टिकणं हे दोन वेगळे हिशेब आहेत.

हिशेब असतो वेळेचा. बचावाची ताकद मीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात. या सुरुंगक्षेत्रातून वाट काढायला मला किती तास लागतील, आणि त्याचं राखीव दल इथे यायला किती? माझे तास कमी असतील तर सुरुंग कितीही असोत, जायचं. त्याचे कमी असतील तर दुसरी जागा शोधायची.

डिसेंबर १९७१ मध्ये शकरगढच्या भागात बसंतर नदीवर हाच हिशेब उभा राहिला. पलीकडे पायदळाने रात्री जागा धरली होती, मधे खोल सुरुंगक्षेत्र, सॅपर वाट काढत होते आणि काम अर्ध्यावर होतं. तेवढ्यात पलीकडून निरोप आला की पाकिस्तानी रणगाडे हलताहेत. सतरा हॉर्स, म्हणजे पूना हॉर्स, या रणगाड्यांच्या रेजिमेंटने वाट पूर्ण व्हायची वाट न बघता उरलेल्या सुरुंगांतून रणगाडे काढले. सुरुंगांत काही रणगाडे जातील हे माहीत होतं. सकाळी पलीकडे एकही रणगाडा नसेल तर सगळं पायदळ जाईल हेही माहीत होतं. १६ डिसेंबरला पाकिस्तानचा प्रतिहल्ला आला तेव्हा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आणि बाकीचे सेंच्युरियन रणगाडे तिथे उभे होते. खेत्रपाल परत आले नाहीत. परमवीर चक्र.

अशा कामात सगळ्यात पुढे असतो तो सॅपर, आणि त्याच्या मागे ट्रॉलवाला रणगाडा. ट्रॉल म्हणजे रणगाड्याच्या पुढे, दोन्ही पट्ट्यांच्या रेषेत, जड लोखंडी चाकांचे दोन संच. सुरुंग त्यांच्याखाली आधी उडतो. पण संच फक्त पट्ट्यांपुढे असतात, मधली जागा मोकळी राहते. शत्रूलाही ते माहीत असतं, म्हणून तो मधे उभ्या काडीचा सुरुंग लावतो: काडीला पोट घासलं की स्फोट. त्यावर उपाय म्हणून दोन संचांच्या मधे साखळी बांधतात, ती काडी आधीच ओढते. ट्रॉल लावल्यावर माणूस पळेल एवढाच वेग मिळतो. झाकण बंद करून चालवताना चालकाला पेरिस्कोपच्या पट्टीतून समोरचा तुकडा दिसतो, बाकी सगळं कमांडरच्या आवाजावर. आणि समोरचा मिसाईलवाला शिकलेला असतो की सगळ्यात आधी ट्रॉलवाला मारायचा, कारण त्या अरुंद वाटेत तो थांबला की मागची रांग थांबली. म्हणून ट्रॉल पुढे जाण्याच्या आधी त्या टेकाडांवर धूर आणि तोफखाना सुरू झालेला असावा लागतो. तो नसेल तर पुढे जाणं म्हणजे हकनाक माणसं घालवणं.

एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्याकडे यातलं काहीही नव्हतं. रस्ता सुरुंगांनी आणि झाडं पाडून अडवलेला, वरून मशीनगन. राणे मांडीला जखम असताना चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत राहिले, सुरुंग दिसला की दोरी ओढून वर चालकाला थांबायचा इशारा द्यायचे, सुरुंग काढायचा, पुन्हा पुढे. पिढ्या बदलल्या, यंत्रं आली, पण सुरुंगाच्या सगळ्यात जवळ असणारा माणूस अजून सॅपरच आहे.

अंदाज चुकतात ते दोन्ही बाजूंनी. बचाव आहे त्यापेक्षा मोठा दिसण्याचं उदाहरण लोंगेवाला. ४-५ डिसेंबर १९७१ ची रात्र, मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या हाताखाली २३ पंजाबचे शंभरावर जवान, जीपवरच्या आरसीएल अगदी मोजक्या. समोर चाळीसच्या वर रणगाडे आणि पायदळ. ते चौकीपर्यंत आले आणि काटेरी तार बघून थबकले. तार आहे म्हणजे मागे सुरुंगक्षेत्र असणार, असं त्यांनी धरलं. सॅपर बोलावले, शोधाशोध झाली, तास गेले. तोवर आरसीएलनी जवळून मारलेले रणगाडे पेटले होते, त्यांच्यावरच्या जादा इंधनाच्या पिंपांचा उजेड पडून बाकीचे दिसत होते. सकाळ झाली आणि जैसलमेरहून हंटर विमानं आली. उघड्या वाळूत रणगाड्यांना जायला जागा नव्हती. ज्या तारेने त्यांना रोखलं ती तार पाच मिनिटांत ओलांडता आली असती. मी त्या कमांडरला मूर्ख म्हणणार नाही. अंधारात, समोरून मारा होत असताना, तार बघून सुरुंगाची शंका येणं बरोबरच आहे. पण ती शंका फेडायला किती वेळ द्यायचा, हे त्याने आधी ठरवलं नव्हतं. पहाट होणार हे घड्याळात दिसत होतं.

कमी लेखण्याचं उदाहरण ऑक्टोबर १९७३ चं. १९६७ मध्ये इस्रायली रणगाड्यांनी सिनाई चार दिवसांत पालथा घातला होता, म्हणून पुढचं युद्धही रणगाडे एकटेच जिंकतील असं त्यांच्यात धरलं जायचं. इजिप्तच्या पायदळाने सुएझ कालवा ओलांडला तो खांद्यावरून मारायची आरपीजी-७ आणि रशियन मालुत्का मिसाईल घेऊन, जिला पाश्चात्त्य लोक सॅगर म्हणतात. मालुत्का असते पेटीत, नेमबाज तिच्यापासून पंधरा मीटरपर्यंत दूर बसून छोट्या दांड्याने ती तारेवरून वळवत नेतो. मारा तीन किलोमीटर, तिथे पोचायला पंचवीसेक सेकंद. ८ ऑक्टोबरला इस्रायली रणगाडे पायदळाशिवाय, पुरेशा तोफखान्याशिवाय चढले आणि वाईट मार खाऊन परतले. मिसाईल त्यांच्या गुप्तचरांना नवी नव्हती. रणगाड्यात बसलेल्या माणसाला मात्र कोणी सांगितलं नव्हतं की धूर जिथून उठला तिथे नेमबाज नाही, तो बाजूला बसलाय, आणि तुझ्याकडे वीस सेकंद आहेत.

ते त्यांनी दोन-तीन दिवसांत लढताना शिकून घेतलं. धूर दिसला की सगळ्यांनी त्याच्या आजूबाजूला मशीनगन आणि मॉर्टरचा वर्षाव करायचा, कारण नेमबाज दचकला, मान खाली घातली, की मिसाईल भरकटते. रणगाड्याने आडवंतिडवं पळायचं, आडोसा शोधायचा. शस्त्र तेच होतं, पण त्यातला कच्चा दुवा दांडा धरणारा माणूस आहे हे कळल्यावर त्याचा दरारा गेला. मग १४ ऑक्टोबरला उलट झालं: इजिप्तचे रणगाडे आपल्या मिसाईलच्या आणि विमानविरोधी छत्राच्या बाहेर आले आणि एका दिवसात त्यांचे दोनशेच्या वर रणगाडे गेले. बचाव आतपर्यंतच भक्कम होता. बाहेर पडल्यावर ते साधे रणगाडे होते.

कामठीला गार्ड्स ब्रिगेडचं केंद्र आहे. तुझ्या ओळखीत तिथला कोणी मिसाईल चालवलेला जवान असेल तर त्याला विचार, रणगाडा आपल्यावर तोफ फिरवतोय असं दिसत असताना निशाणावर नजर धरून ठेवणं कसं असतं. हल्ला करणाऱ्याने तेही समजून घ्यायचं असतं. मिसाईलच्या कागदावर मारा लिहिलेला असतो, हाताचा थरथराट लिहिलेला नसतो.

आता तुझा पहिला प्रश्न, युक्रेनचा. जून २०२३ मध्ये युक्रेनने झापोरिझिया भागात हल्ला केला. रशियाचे खंदक, रणगाडे अडवायचे काँक्रीटचे दात, सुरुंगांचे पट्टे महिनोन्महिने आधीपासून उपग्रहाच्या चित्रांत सगळ्या जगाला दिसत होते. तरी ८ जूनला माला तोकमाचकाजवळ लेपर्ड रणगाडे आणि ब्रॅडली चिलखती गाड्या एका अरुंद वाटेत अडकल्या, पुढचं वाहन सुरुंगावर थांबलं, मागची एकमेकांवर आली, आणि लांबून रशियाची का-५२ हेलिकॉप्टरं मिसाईल मारत राहिली. ती हेलिकॉप्टरं युक्रेनच्या जवळच्या विमानविरोधी शस्त्रांच्या टप्प्याबाहेर होती. अडथळा दिसत होता. अडथळ्यावरचा मारा कुठून येईल आणि तो गप्प कोण करणार, याचं उत्तर हाती नव्हतं. पुढे त्यांनी रणगाड्यांची रांग सोडून पायदळाच्या छोट्या तुकड्या झाडांच्या ओळीओळीने पुढे नेल्या आणि ऑगस्टअखेर रोबोतिने घेतलं. कुर्स्कलाही १९४३ मध्ये जर्मनांकडे रशियन बचावाची हवाई छायाचित्रं होती. बघितलं होतं, तरी गेले.

ड्रोनने काय बदललं? चार गोष्टींपैकी नजर आणि मारा एकाच वस्तूत आले, आणि तीही काही शे डॉलरची. पूर्वी टेकाडामागचा माणूस शोधला की निम्मं काम झालं. आता तो माणूस दहा-पंधरा किलोमीटर मागे तळघरात बसलाय. ड्रोनवाला वरून मारतो, जिथे रणगाड्याचं छत सगळ्यात पातळ. ड्रोनचा रेडिओ तोडणारा जॅमर लावला तर २०२४ पासून बारीक काचेच्या धाग्यावर उडणारे ड्रोन आले, त्यांच्यावर जॅमर चालत नाही. त्यामुळे शत्रूचा रणगाडाविरोधी बचाव वाचताना आता त्याच्या ड्रोन चालवणाऱ्यांच्या जागा, त्यांना माल पोचवणाऱ्या गाड्या, हवा आणि धुकं हेही नकाशावर येतं. पूर्वीच्या नकाशावर टेकाड आणि नाला होता, आता आकाशही आहे.

रणगाड्याचे दिवस संपले असं मी म्हणणार नाही. रणगाडे एका मैदानात जमवून रांगेने सोडायचे दिवस मात्र गेले. युक्रेनमध्ये दोन्ही बाजू अजून रणगाडे वापरतात: एखाददुसरा, झाडीत लपवलेला, काही मिनिटं बाहेर येऊन मारा करून परत जाणारा, वर जाळीचा पिंजरा लावलेला. पायदळाला समोरच्या भक्कम घरातून मशीनगन मारत असेल तर ती बंद करायला अजून यापेक्षा चांगलं काही निघालेलं नाही.

परीक्षेच्या दृष्टीने एक सांगतो. सीडीएस निघाली की पुढे एसएसबीला, म्हणजे फौजेच्या निवड मंडळाच्या मुलाखतीला, गटात बसून नकाशावर नाहीतर मॉडेलवर परिस्थिती सोडवायला देतात. तिथे नदी, पूल, शत्रू, वेळ, सगळं दिलेलं असतं. बहुतेक पोरं लगेच पुलाकडे धावतात. तू आधी मिनिटभर बघ की त्या पुलावर कोणाची नजर आहे आणि तुझ्या हाताशी किती तास आहेत, आणि मग बोल.